अकरा नंबरचा अर्ज

“हासुद्धा चोर,” हेमलता मॅडम म्हणाल्या आणि सहा नंबरचा अर्ज त्यांनी टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

समोर उभ्या असलेल्या कृष्णातची नजर त्या अर्जाबरोबर टोपलीत गेली. त्याचा स्वतःचा अर्ज अकराव्या नंबरवर होता आणि मॅडमना त्याची कल्पना नव्हती.

चामराजपेटच्या त्या वकिली ऑफिसात ट्रेनी वकिलाची एक जागा निघाली होती. गेल्या वर्षी वशिल्याच्या फोनांनी मॅडमचं डोकं उठलं होतं. म्हणून यंदा त्यांनी फर्मान काढलं, नावं झाका, नंबर घाला, मला फक्त मसुदा दाखवा. मसुदा भाडेकरूला द्यायच्या नोटिशीचा होता. दुकान इथल्याच शिवाजीनगरातलं, आणि भाडेकरूनं ते परस्पर तिसऱ्यालाच चालवायला दिलेलं. नावांवर पट्ट्या चिकटवायचं काम ऑफिसच्या कारकुनाकडे, म्हणजे कृष्णातकडे आलं.

निपाणीहून आलेला कृष्णात सतरा वर्षं इथल्या फायली सांभाळत होता. गेली तीन वर्षं सकाळी सातच्या वर्गाला बसून, पोरासोरांबरोबर बाकावर दाटीवाटी करून, त्यानं वकिलीची परीक्षा दिली होती. पासही झाला. बायको शिवलीलाशिवाय कुणाला पत्ता नव्हता. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी नवशिक्याला दारात कोण उभं करतं? मसुदा एकदा मॅडमच्या पसंतीस उतरला आणि मग पट्टी निघाली, तर त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं. सगळी भिस्त त्या पट्टीवर होती.

“हा आठ नंबर बघा!” मॅडम भडकल्या. “दुकान शिवाजीनगरचं आणि खाली पत्ता येलहंक्याचा. कॉपी करायलासुद्धा अक्कल लागते. हा माझा ड्राफ्ट आहे, कृष्णात. अख्ख्या कोर्टात फिरतोय.”

शहराच्या टोकावरच्या येलहंक्याचं ते भाडेकरूचं प्रकरण कृष्णातला चांगलं आठवत होतं. नऊ वर्षांपूर्वी मॅडम एका केससाठी आठवडाभर धारवाडला अडकल्या होत्या. नोटीस त्यानं लिहिली, परत आल्यावर त्यांनी सही केली. त्या नोटिशीचं नाव झालं. वकील मंडळी तिची झेरॉक्स मागू लागली आणि मॅडमही हळूहळू ‘माझा ड्राफ्ट’ म्हणू लागल्या. कृष्णातला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ज्याचं मीठ खायचं त्याच्याशी असला वाद कोण घालतो?

आज मात्र ते गप्प बसणं महागात पडणार होतं. अकरा नंबरमध्येही तीच वाक्यं होती. आपलीच वाक्यं, बदलायची कशाला, असं म्हणून त्यानं ती ऐटीत घातली होती. शहाणपणा नडला तो असा.

नऊ नंबर टोपलीत गेला. दहा बाजूला राहिला. कृष्णातनं खिडकी उघडली, मग पुन्हा लावली. भरलेला पाण्याचा ग्लास उचलून पुन्हा भरून आणला.

“जरा स्वस्थ उभे राहा हो,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी अकरा नंबर उचलला. वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांचा हात टोपलीकडे वळला.

“मॅडम, स्वल्प थांबा!” कृष्णातचा आवाज त्यालाच मोठा वाटला. “त्यो चोर न्हवं. येलहंक्याची नोटीस मीच लिवलो हुतो, तुमी धारवाडात हुता तवा. आन् ह्यो अर्जबी माझाच हाय.”

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचा राग केव्हाच उतरला होता. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती कृष्णातनं सतरा वर्षांत कधी पाहिली नव्हती.

“माहीत आहे मला,” त्या हळूच म्हणाल्या. “पहिल्या दोन ओळींतच ओळखलं तुम्हाला. नकलेत असा नेमकेपणा येत नाही. पण तुम्ही वकील होऊन स्वतःच्या नावानं लिहायला लागलात, तर माझं कोण लिहिणार?”

कृष्णातला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यानं त्यांच्या हातातून आपला अर्ज काढून घेतला आणि त्याची नीट घडी केली.

“सरी, ठीक हाय, मॅडम. मग दुसऱ्या ऑफिसासाठी शिफारशीचं पत्र तरी द्या. लिवून मीच आनतो, तुमी निस्ती सही करा.”