पामच्या मुळांपाशी

अपोंडीने कुंडी आडवी केली, बुंधा धरून हलकेच ओढला आणि पाम मातीच्या गोळ्यासकट वर्तमानपत्रावर आला. पानं पिवळी पडत होती. मुळं कुजली असतील, असं रोपवाटिकेतला माणूस म्हणाला होता.

मुळं ठीक होती, पण वरच्या मातीत काहीतरी पांढरं दिसलं. तिने बोटाने उकरलं, तर गोळी निघाली. मग आणखी एक. काही फुगून पिठासारख्या झालेल्या, काही अजून कोऱ्या.

"बाबा, या कसल्या?"

खिडकीपाशी बसलेल्या ओगोलांनी वळून पाहिलं आणि पुन्हा खाली रस्त्यावर धावणाऱ्या मटाटू मिनीबसगाड्यांकडे नजर लावली. "खत असेल."

"तुमच्या हृदयाच्या गोळ्या आहेत या. रोज सकाळी माझ्यासमोर तोंडात टाकता, वर पाणी पिता..."

"पाणी पितो. त्यात खोटं नाही."

अपोंडी तिथेच फरशीवर बसली. वडिलांना झटका आल्यावर तीच त्यांना गावाहून नैरोबीला, आपल्या या पाचव्या मजल्यावरच्या घरात घेऊन आली होती. ती पामची पानं पुसायची, त्याच्यासाठी नळाचं पाणी रात्रभर काढून ठेवायची, तेव्हा ते चिडवायचे, "ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, पाणी जरा जास्त झालं की आजारी. हे झाड आहे की मी?" ती हसायची.

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलात? गोळ्या बंद केल्या तर..."

"तर काय? सांग ना."

तिने हातातली गोळी वर्तमानपत्रावर ठेवली.

"गावी ने, गावी ने, म्हणून ईस्टरपासून घसा कोरडा केला मी," ओगोला म्हणाले. "तू म्हणतेस, सुट्टी नाही. तुझा भाऊ म्हणतो, गाडी गॅरेजात आहे. आणि माझा भाऊ ओडोंगो गेला तेव्हा? तुला सुट्टी मिळाली. तुझ्या भावाची गाडी सुरू झाली. मोम्बासाहून माणसं आली. बस भरून, गाणी म्हणत नेलंत ओडोंगोला सरोवराकाठी, गावी पुरायला. म्हटलं, आपल्यालाही असंच जावं लागणार. मग उशीर कशाला?"

"तिथे तुमच्याजवळ आहे कोण, बाबा? रात्रीबेरात्री छातीत दुखलं तर?"

"तुझ्या आईच्या कबरीशेजारी आंब्याची सावली आहे. तिथे बसायचंय मला. झोपायची घाई नाही गं पोरी."

अपोंडीने मातीचे हात तसेच डोळ्यांना लावले. ओरडावं, की त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावं, तिला कळेना. ओगोला खुर्चीचा आधार घेत खाली उतरले, धापा टाकत तिच्यासमोर बसले आणि पाम हातात उभा धरला.

"मुळं उघडी ठेवू नकोस. भर माती."

तिने भरली. मग उठून हात धुतले आणि पाकिटातून नवी गोळी काढून आणली.

"ही गिळा. आणि तोंड उघडून दाखवा."

"आधी जायचं ठरव."

बाप बधणार नव्हता. अपोंडीने फोन उचलला. शनिवार होता, तरी तिचे साहेब किलोंझो लगेच बोलले.

"साहेब, मला आठवडाभर गावी जायचंय. आजच."

मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अरेरे! जा, जा. हवी तेवढी सुट्टी घे, अपोंडी. कोण गेलं?"

अपोंडीने वडिलांकडे पाहिलं. फरशीवर बसून त्यांनी गोळी जिभेवर ठेवली होती आणि पाण्यासाठी हात पुढे केला होता.

"अजून कुणी नाही," ती म्हणाली.