ती काय म्हणाली?

"जोडीदार गेल्यावरही माणसं त्याच्याशी बोलत राहतात, आणि तुम्ही म्हणता हा आजार नाही. कशावरून?" बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला.

केतकीने तक्ते दाखवले, आकडे सांगितले. त्यांचं समाधान होईना. मानसशास्त्र विभागाच्या त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलेले रंगनाथराव खुर्चीच्या कडेला सरकले. या पीएच.डी.साठी लेक किती वर्षं झिजली होती! प्रबंधातल्या त्या माणसांपैकी एक ते स्वतःच होते. 'माझं नाव कुठे आलं तर बघ,' असा दमही त्यांनीच तिला भरला होता. लोक हसतील, एवढीच भीती.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" विभागप्रमुखांनी रीतीप्रमाणे म्हटलं.

रंगनाथराव उठले. "विचारायचं नाही, सांगायचंय. मी बोलतो हिच्या आईशी. रोज बोलतो. दूध उतू जाऊ देत नाही, वीजबिल वेळेवर भरतो. आता यात आजार कुठे दिसतो, ते तुम्हीच सांगा."

"बाबा, बसा ना!" केतकीने कपाळाला हात लावला.

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "आज काय बोललात?"

"म्हटलं, आपली पोरगी आज डॉक्टर होणार."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, समोसे कमी पडतील, जास्तीचे सांगून ठेवा."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही करता करता विचारलं, "सांगितलेत ना?"