भांडण न झालेली मीटिंग

दूरशिक्षणाच्या डिझाइन कोर्सला तिघांत मिळून एक प्रोजेक्ट होता: लांब राहून ऑनलाइन काम करणाऱ्यांची भांडणं थांबवणारं अ‍ॅप. पारोळ्याकडचा ललित, दोंडाईच्याचा भूपेंद्र आणि एरंडोलची भूमिका, तिघंही आपापल्या ज्वारीच्या शेतातून मीटिंगला बसायचे, कारण रेंज तिथेच. अ‍ॅपचं बटण हिरवं की निळं, यावरून रोज जोरदार वाजायचं.

काल ऐन मीटिंगला ललितच्या आबांनी बांधावरून हाक दिली, "लाइट उनी रे, पाणी भराले चाल!" ललितने शेतातलं बुजगावणं उपटून मोबाइलसमोर रोवलं, त्याला आपला शर्ट आणि टोपी चढवली आणि पाण्याच्या मोटारीकडे पळाला. रेंज अशी, की एरवीही कुणाचा चेहरा धड दिसत नसे.

संध्याकाळी कोर्सच्या मॅडमचा मेसेज आला. "मी मध्येच डोकावले होते. आज कुणी कुणाचं बोलणं तोडलं नाही. शाब्बास, याला म्हणतात टीमवर्क!"

आपण नसताना दोघांनी सांभाळून घेतलं, या विचाराने ललितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज पुन्हा मीटिंगच्या वेळीच लाइट आली, आबा ओरडले, तरी तो जागचा हलला नाही.

"भूपेंद्रभाऊ, भूमिकाताई, चुकलं माझं. बटण निळंच ठेवू या का?"

पहिल्यांदाच कुणी हरकत घेतली नाही. ललितचा ऊर भरून आला.

तेवढ्यात वारा सुटला, स्क्रीनवर भूमिकाच्या बाहीतून कडबा उडाला आणि भूपेंद्रच्या डोक्यावर एक कावळा येऊन निवांत बसला.