कपाटातली बाटली

“मुलाला उपाशी ठेवून बघितलंय का कुणी?” आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

त्याने हात वर केला. इकडेतिकडे पाहिलं, तर आणखी कुणाचाच हात वर नव्हता. उपचार केंद्राच्या त्या खोलीत सगळे आईबाप मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून तसाच आला होता, बाहीला ग्रीस होतं.

“आमची मिठू पाच वर्षांची आहे,” तो म्हणाला. “स्वमग्न आहे. आपण बोलू तेच परत बोलते, म्हणून मिठू. खारी बिस्किटं सोडून काही तोंडात घेत नाही. तीही अख्खी हवीत, कोपरा तुटलेलं चालत नाही. बायकोने लाडावून ठेवलीय. शेवटी मीच म्हटलं, बिस्किटं बंद. भूक लागली की मुकाट खाईल.”

मागे एक बाई फिसकन हसली. आहारतज्ज्ञ बाई हसल्या नाहीत. फळ्याजवळून त्या त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“कधीपासून बंद आहेत?”

“काल सकाळपासून.”

“मग खाल्लं काही?”

“अजून नाही. हट्टी आहे.”

“हट्ट नाही हो तो. तुमच्या पुढ्यात कुणी साबणाची वडी ठेवली, तर भुकेपोटी खाल का तुम्ही? आपल्या काही मुलांना नवा पदार्थ तसा दिसतो. ती आजारी पडतात, पण खात नाहीत.” बाई खाली वाकल्या. “पाणी पितेय ना?”

तो हो म्हणायला गेला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मिठू फक्त तिच्या पिवळ्या बाटलीतून प्यायची. पाणी असो, नाहीतर दूध. दुधानेच पोट भरतं म्हणून काल त्याने बिस्किटांबरोबर ती बाटलीही कपाटात टाकून कुलूप घातलं होतं. ‘अहो, ग्लासाला ती तोंडच लावत नाहीये,’ असं बायको सांगायला आली, तेव्हा ‘तहान लागली की लावेल’ म्हणून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला होता. आज सकाळी तो निघाला तेव्हा मिठू झोपली होती. चला, शांत झोपलीय, असंच त्याला वाटलं होतं.

“घरी फोन लावा,” त्याने हे सगळं कसंबसं सांगितल्यावर बाई म्हणाल्या. “बाटली द्यायला सांगा. आत्ता.”

“किल्ली माझ्या खिशात आहे.”

तरी त्याने घरचा नंबर लावला.

फोन नुसताच वाजत राहिला. त्याने पुन्हा लावला. यावेळी उचलला गेला, पण पलीकडून बायकोच्या श्वासाचाच आवाज.

“अगं, मिठू काय करतेय?”

“झोपलीय. मघापासून हलवतेय मी. डोळे उघडते नि परत मिटते.” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “अहो, ती बोलत नाहीये. मी म्हणते, मिठू, आई म्हण. तर ते परतसुद्धा म्हणत नाही.”

बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. ओठ सुकलेत का? लघवी कधी केली होती? रडताना डोळ्यांतून पाणी येत होतं का? दर उत्तराला बाईंचा आवाज आणखी हळू, आणखी स्पष्ट होत गेला.

“कपाटाचं राहू द्या आता,” त्या फोनवर म्हणाल्या. “शेजारी कुणी असेल त्यांना हाक मारा आणि तिला उचलून थेट मोठ्या दवाखान्यात न्या. हे येतील तिथे.” फोन त्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, “बाटली घेऊन जा. पळा.”

तो उठला, तर बुटकी खुर्ची कमरेत अडकून त्याच्याबरोबरच उठली. मघाशी हसलेल्या बाईनेच ती ओढून काढली.

घराचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातलं उलथणं कपाटाखाली पडलं होतं आणि कपाटाच्या दाराचा कोपरा वाकलेला होता. जमिनीवर, दाराला अगदी चिकटून, मिठूची छोटी उशी होती. किल्ली कुलपात जाईना. दोनदा घसरून एकदाची लागली, आणि बाटली नि बिस्किटांचं पाकीट घेऊन तो धावत सुटला.

दवाखान्यात मिठूच्या हाताला सलाईन लावलं होतं. पलंगावर ती एवढीशी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, “आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं,” आणि पुढच्या पलंगाकडे गेले. बायकोने वर पाहिलं नाही. ती मिठूचा तळपाय चोळत राहिली.

संध्याकाळी मिठूने डोळे उघडले ते उघडेच राहिले. “आता थोडं थोडं द्या,” नर्स म्हणाली. त्याने धुऊन पाणी भरलेली बाटली पुढे केली. मिठूने ती दोन्ही हातांनी ओढून घेतली आणि गटागटा प्यायली. मग त्याने बिस्किटांचं पाकीट फोडलं, एक अख्खं बिस्कीट निवडून तिला दिलं. तिने ते कडेकडेने कुरतडत संपवलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

“अजून एक देऊ का गं, मिठू?” असं म्हणत त्याने पाकिटाकडे हात नेला.

मिठूने त्याच्या आधी पाकीट उचललं. ते फ्रॉकच्या आत सरकवलं, वरून पोटाशी घट्ट दाबून धरलं, आणि सलाईनची नळी ताणली जाईल इतकी ती भिंतीकडे वळली.