पाय आपटायची खोड

जिन्यात बालिकाश्रमाच्या बाईजींचा आवाज आला आणि अनुसयाच्या हातातला तिळगुळाचा डबा कलंडला. आज त्या यायला नको होत्या. निदान आज तरी. संक्रांतीचं अख्खं जयपूर गच्च्यांवर चढलं होतं, चहूबाजूंनी भोंगे, थाळ्या आणि "वो काटा!"च्या आरोळ्या. आणि या गदारोळात शालन कठड्याशी पाठमोरी बसून हलव्याचे दाणे एकेक करून वाटीत टाकत होती. एकदाही मान वर न करता.

शालन चार वर्षांची. महिन्यापूर्वी बालिकाश्रमातून आणलेली. हाकेला ओ नाही, तोंडातून शब्द नाही. साताऱ्याहून सासूबाईंनी पत्रातून निकाल दिला होता, 'पोर तिकडच्या बोलीतली, तिला आपलं बोलणं कुठून कळणार? नेटाने मराठीच बोला, शिकेल.' सगळ्यांना पटलं. अनुसया नेटाने बोलत राहिली. मग आठ दिवसांपूर्वी, टिळकनगरच्या रस्त्यात, एक मोटार भोंगा वाजवत शालनच्या अगदी पाठीशी येऊन थांबली, आणि शालन हललीसुद्धा नाही.

त्या दिवसापासून अनुसयाने तोंडाला कुलूप घातलं होतं. नवऱ्याला तर काहीच सांगितलं नव्हतं. रंगनाथ विम्याच्या ऑफिसातला माणूस. माठ घ्यायला गेला तरी चार माठ वाजवून बघायचा, आणि घरी आणलेला बद्द वाजला तर दुसऱ्या दिवशी परत करून यायचा. आश्रमाने महिन्याची मुदत दिली होती. मुलगी रुळली तर कोर्टाच्या अर्जावर सही, नाही तर परत. मुदत उद्या संपत होती. एकदा सही होऊ दे, मग काय बोलायचं ते बोलू दे त्यांना, असं तिने मनाशी धरलं होतं. ही लबाडी होती, आणि आठ दिवस ती तिला बसू देत नव्हती की जेवू देत नव्हती. त्यात रंगनाथला हल्ली दारात बूट आपटायची खोड लागलेली. रेती झटकतो म्हणे. खालून घरमालकीण ओरडायची आणि माफी अनुसयाने मागायची.

बाईजी संक्रांतीचं दान गोळा करत फिरत होत्या. अनुसयाने घोंगडी आणि लाडू जिन्यातच त्यांच्या हातावर ठेवले.

"बच्ची को देख लूँ ज़रा," म्हणत त्या वर आल्याच.

अनुसया त्यांच्या आणि शालनच्या मधोमध उभी राहिली. पलीकडच्या टोकाला रंगनाथ पतंगाला ढील देत होता.

"बोलने लगी?"

"लगेगी ना, बाईजी. मराठी घर है, थोडा टाइम लगेगा."

तेवढ्यात शेजारच्या वकीलसाहेबांनी कुणाचा तरी पतंग कापला. कठड्यापलीकडे, शालनपासून दोन हातांवर, त्यांनी रिकामा कनस्तर, पत्र्याचा मोठा डबा, उचलला आणि काठीने बडवायला सुरुवात केली. बाईजींनी दचकून छातीवर हात ठेवला. टाकीवरची कबुतरं उडाली. शालनने वाटीत आणखी एक दाणा टाकला.

बाईजी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ये तो सुनती ही नहीं है।"

"हिंदी भूल गई है, बाईजी. और मराठी अभी आई नहीं."

"बहनजी, कनस्तर न हिंदी में बजता है, न मराठी में।" त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळे अनुसयाला जास्तच भीती वाटली. "तीस बच्चियाँ हैं, मेरे भी ध्यान में नहीं आया। दूसरी है, साल भर छोटी, दिन भर बोलती है। साहब से मैं बात करती हूँ।"

साहेबांनी ऐकलंच होतं. रंगनाथने मांजा तोडला, चरखी खाली ठेवली आणि तो इकडे आला. अनुसया पुढे सरकली.

"अहो, तिला—"

तो थांबला नाही. शालनच्या मागे पाच-सहा पावलांवर आला, उजवा पाय उचलला आणि गच्चीच्या दगडी पट्टीवर दोनदा आपटला. धप्. धप्.

शालन गर्रकन वळली. त्याला पाहून तोंडभर हसली आणि बसल्या जागी तिनेही टाच दोनदा आपटली.

रोज संध्याकाळी दारात बूट आपटले, जमीन हादरली की ही पोर आतल्या खोलीतून धावत यायची. अनुसयाने रोज पाहिलं होतं, आणि रोज नवऱ्यावर चिडली होती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पंधरा दिवस झाले."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?" तिच्याकडे न बघता तो म्हणाला. मग बाईजींना विचारलं, "अर्ज़ी लाई हैं?"

"ताँगे में है। पर साहब, सोच लीजिए—"

"चलिए, मैं नीचे आता हूँ."

दोघं जिना उतरली. शालन पुन्हा पाठमोरी होऊन दाणे मोजू लागली. खालून घरमालकिणीचा नेहमीचा आवाज आला, "अरे, ऊपर कौन कूद रहा है?"

एरवी अनुसया कठड्यावरून वाकून माफी मागायची. आज तिने चपला काढल्या. लाज वाटली, म्हणून पहिल्यांदा पाय हलकाच पडला. मुलगी हलली नाही.

मग तिने पदर खोचला आणि सगळा जोर लावून पाय आपटला. दोनदा.

शालन वळली. आधी तिने जिन्याकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. मग तिने अनुसयाकडे पाहिलं, आणि हातातली वाटी खाली ठेवली.