चढी पट्टी

सौदीतल्या यान्बू शहरातल्या मराठी मंडळींचा डू-वॉप गाणारा चौघांचा संघ बारा वर्षांनी पुन्हा उभा राहत होता. या गाण्याला वाद्य नसतं. खर्जातला गायक गुणगुणून पट्टी देतो, बाकीचे तिथून सूर उचलतात. पूर्वी खर्ज मोहियुद्दीनचा होता. "तुमचा सूर हलतो," असं म्हणून गुरुनाथने त्याला खड्यासारखं बाजूला काढलं आणि आपला मेहुणा उभा केला. पुढे मेहुणा कॅनडाला गेला, दुसरा एक जण इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, संपताच चिपळूणला परतला, आणि संघच मोडला. आता खर्जाला माणूस मिळेना, तेव्हा गुरुनाथ नाक मुठीत धरून मोहियुद्दीनच्या दारात आला.

"येतो. पण चौथा आवाज माझ्या लेकीचा, दुआचा."

गुरुनाथने मान डोलावली.

सरावात सगळं सुरळीत झालं. कार्यक्रमाला मोहियुद्दीनने पट्टी दिली, गुरुनाथने नेहमीप्रमाणे मुख्य ओळ उचलली आणि तिसऱ्याच शब्दाला त्याचा आवाज फाटला.

"भाई, फार वर दिलीत," तो ओठातल्या ओठात म्हणाला. "खाली घ्या."

"माझा सूर हलतो ना, गुरुनाथ," मोहियुद्दीन पुटपुटला आणि पुन्हा तीच पट्टी धरली.

गुरुनाथने ओळ सोडली. दुआ एक पाऊल पुढे आली आणि मुख्य ओळ सहज गाऊ लागली. गुरुनाथ दारात येण्याच्या दोन वर्षं आधीपासून बाप तिला ही ओळ याच पट्टीत शिकवत होता.