एरंडेलाचा लेप

चाचणीसाठी घरोघरी वापरायला दिलेले टीव्हीचे रिमोट परत आले ते चकाकतच. एकावरही ओरखडा नाही, घामाचा डाग नाही. त्यांच्या प्लॅस्टिकवर दिलेला आमचा एरंडेलापासून केलेला लेप टिकला म्हणून साहेबांनी लगेच पेढे मागवले.

माझ्या घशाखाली पेढा उतरेना. प्रयोगशाळेत नुसतं घासलं तरी सोलणारा हा लेप, लोकांच्या हातात महिनोन्‌महिने राहून नवाच्या नवा? मी एका घरी फोन लावला.

"अहो ताई, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावला होता," तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "एवढा छान रिमोट, खराब नको व्हायला!"

दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. अरे, खराब होतो का तेच तर बघायचं होतं ना! प्लॅस्टिक जपायला आम्ही लेप केला आणि लोकांनी लेप जपायला प्लॅस्टिक गुंडाळलं. कपाळ माझं!

धुमसतच घरी आले. सासरे भजी खात बातम्या बघत होते. चाचणीचा एक रिमोट आमच्याही घरी दिला होता, तो गोळा करायचा राहिलाच होता. सेल संपत आले म्हणून त्यांनी तो तेलकट तळहातावर दाणदाण आपटला. अंगठ्याखालचा लेप पापुद्र्यासारखा सुटला होता.

मी रिमोट हिसकावूनच घेतला. पहिला खरा निकाल!

सासरे ओशाळले.

"चुकलंच बाई माझं," ते म्हणाले. "नवीन दिलास की पिशवीत घालूनच वापरेन."